पोचपावती कुणाची?

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. (नाव नको, अजून तिथे जायचं असतं.) मशीनवर पेटी पॅक झाली की आमच्या सर्व्हरला मेसेज जायचा आणि स्टॉक एकने वाढायचा. एका रात्री ११ वाजता स्टोअरमधल्या काकांचा फोन. "अहो साहेब, रॅकवर ४० पेट्या आहेत, तुमचा कॉम्प्युटर ५३ म्हणतोय. १३ मी घरी नेल्या का?"

काकांनी हे हसत विचारलं, पण स्टॉक जुळला नाही तर सही त्यांची असते. चूक शोधता शोधता कळलं की हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

मेसेज क्यू म्हणजे काय, तर पोस्टाची पेटी. पाठवणारा टाकून मोकळा. घेणारा जागेवर नसला तरी मधला ब्रोकर सांभाळून ठेवतो. याच घराण्यात एक मराठी आडनाव आहे: विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, १९५७. शिकायला एमआयटीत गेले. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स काढली आणि वॉल स्ट्रीटसाठी 'इन्फर्मेशन बस' बनवली. भाव कुठल्या मशीनवरून आला याची फिकीर नाही. विषयाचं नाव सांगा, त्या विषयाचं जे येईल ते तुमच्या स्क्रीनवर. १९९४ मध्ये रॉयटर्सने कंपनी घेतली, १९९७ मध्ये त्यातूनच टिबको उभी राहिली. आयबीएमचं एमक्यूसिरीज १९९३ चं. त्याचं वचन वेगळं: पेटीत पडलेला मेसेज मशीन बंद पडलं तरी हरवणार नाही.

पण ही सगळी मंडळी घरातली, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमधली. बाहेर १९९१ पासून वेब पसरत होतं आणि त्याची रीत उलटी. एचटीटीपीत ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, आणि विषय संपला. सर्व्हरला आपणहून बोलायची सोयच नाही. त्यात फायरवॉल नावाचा वॉचमन. तो ८० आणि ४४३ नंबरच्या दारातून सोडतो. एमक्यूसिरीजचं १४१४ नंबरचं दार बहुतेक ठिकाणी बंद.

मग आपल्या लोकांनी जुगाड केला. क्यूचा मेसेज एचटीटीपीच्या पाकिटात घालून वॉचमनसमोरून नेला. याचं नाव टनेलिंग. येणाऱ्या मेसेजसाठी दर थोड्या सेकंदांनी "आलंय का काही?" असं विचारत बसायचं. नंतर सर्व्हरच उत्तर रोखून धरू लागला, काही आलं की मगच द्यायचं. या युक्तीला २००६ मध्ये अॅलेक्स रसेलने कॉमेट हे नाव दिलं. डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचं स्टँडर्ड आलं: सुरुवात एचटीटीपीसारखी, पण एकदा आत शिरलं की दोन्ही बाजूंनी हवं तेव्हा बोलता येतं. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी जन्मलेल्या एमक्यूटीटीनेही २०१४ च्या ३.१.१ आवृत्तीत वेबसॉकेटवरून कसं जायचं ते लिहून टाकलं.

दार उघडलं, प्रश्न मिटला. निदान मला तसं वाटत होतं.

आमचा मेसेज एचटीटीपीवरून जायचा. मशीनजवळचं वायफाय मध्येच जायचं. मेसेज पोचलेला असायचा, स्टॉक वाढलेला असायचा, फक्त "मिळाला" हे उत्तर परत येताना हरवायचं. आता पाठवणाऱ्याने काय समजायचं? पत्र हरवलं की पोचपावती? परत पाठवलं तर दोनदा जाण्याची भीती, नाही पाठवलं तर कायमचं हरवण्याची. आमचा कोड परत पाठवायचा. त्या १३ पेट्या अशा जन्मल्या.

वेबसॉकेट लावून हे सुटत नाही, कारण वेबसॉकेट नुसतं दार आहे. एमक्यूटीटीत हमीच्या ०, १ आणि २ अशा तीन पायऱ्या आहेत. १ मध्ये मेसेज नक्की पोचतो, पण दोनदा पोचू शकतो. २ मध्ये चार निरोपांची देवघेव होते आणि एकदाच पोचतो. पण ही पावती ब्रोकरची! ब्रोकरच्या पलीकडे जो डेटाबेसमध्ये आकडा लिहितो, त्याच्या वतीने कुणीच सही केलेली नसते.

उपाय शेवटी पोस्टाकडूनच घेतला. रजिस्टर पोस्टाच्या प्रत्येक पाकिटाला नंबर असायचा. (ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली.) आम्ही मशीनवरच प्रत्येक पेटीला नंबर दिला आणि डेटाबेसला सांगितलं, एक नंबर एकदाच मोजायचा. शिवाय "मिळाला" हे उत्तर आकडा लिहून झाल्यावरच द्यायचं, आधी नाही.

वायफाय अजूनही जातं, मेसेज अजूनही दोनदा येतात. काकांचा मात्र त्यानंतर रात्रीचा फोन आलेला नाही.