‘अंगावरचे’ आणि ‘वरचे’: स्तन्यपान-चळवळीतील नामकरणाचा प्रश्न

१९५६ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या परिसरातील एका सहलीत मेरी व्हाइट आणि मेरियन टॉम्पसन या दोन माता आपापल्या तान्ह्यांना अंगावर पाजीत बसल्या होत्या. सहलीस आलेल्या इतर स्त्रिया त्यांच्याजवळ येऊन, आपल्याला हे का साधले नाही, ते सांगू लागल्या. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातील फ्रँकलिन पार्क येथे सात मातांनी या बोलण्याला संस्थेचे रूप दिले. परंतु तिला नाव देण्याची वेळ आली तेव्हा अडचण निघाली ती शब्दाची. ‘स्तन’ हा शब्द सभेच्या सूचनेत छापण्यास त्या काळची अमेरिकन वर्तमानपत्रे राजी नसत. मार्ग सापडला तो परभाषेत. फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथे बाळाला पाजणाऱ्या मेरीमातेचे स्पॅनिश परंपरेतील एक देवस्थान आहे. तिच्या बिरुदातील ‘ला लेचे’, म्हणजे ‘दूध’, एवढेच शब्द उचलून ‘ला लेचे लीग’ हे नाव सिद्ध झाले.

मराठी वाचकाला ही युक्ती अगदीच परकी वाटू नये. ‘अंगावर पाजणे’, ‘अंगावरचे दूध’, ‘मूल अजून अंगावर आहे’ या प्रयोगांत अवयवाचे नाव कोठेही उच्चारले जात नाही. या दुधासमोर भाषेने ‘वरचे दूध’ उभे केले आहे: गाईचे, म्हशीचे, शेळीचे आणि पुढे डब्यातल्या भुकटीचेही. ‘वरचे’ म्हणजे मुळाव्यतिरिक्तचे, बाहेरून आलेले. दुधांमधील ही उतरंड शब्दातच मुरलेली असल्याने ती वेगळी शिकवावी लागत नसे. अर्थात मराठीतील संकोच शब्दापुरताच होता. घरातील थोरल्या बायका त्याच आडवळणाच्या भाषेत सर्व काही सांगत. शिकागोच्या उपनगरांत मात्र शब्दाबरोबर विद्याही हरवली होती. बाळंतपण रुग्णालयात गेले, पाजण्याच्या वेळा घड्याळाने ठरू लागल्या, आणि ज्यांना विचारावे त्या आयांनीही आपली मुले बाटलीवरच वाढविली होती.

लीगचे महत्त्व या तुटलेल्या मौखिक परंपरेच्या संदर्भातच नीट कळते. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जमावे, गर्भवतीने अनुभवी मातेचे ऐकावे, एरवी अडल्या वेळी दूरध्वनी करावा, अशी तिची रीत होती. मार्गदर्शिका होण्यासाठी स्वतःचे मूल पाजलेले असणे ही अट होती. या संभाषणांतूनच १९५८ मध्ये ‘द वुमनली आर्ट ऑफ ब्रेस्टफीडिंग’ हे प्रथम सुट्या पानांच्या रूपात प्रसिद्ध झाले. संस्थेच्या नावातून वगळलेला शब्द दोनच वर्षांत पुस्तकाच्या शीर्षकात आला, हे लक्षणीय आहे. तथापि या वर्तुळाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. त्यातील आदर्श माता बहुतांशी घरीच राहणारी आणि मध्यमवर्गीय होती. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीची अडचण त्या खोलीत फारशी पोचत नव्हती.

ती अडचण ज्या भूगोलात होती, तेथील भाषा वेगळी होती आणि स्वरही कठोर होता. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) काम करताना तेथील मातांच्या गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हा शब्द वैद्यकशास्त्रात आणला. धाकट्या भावंडाच्या आगमनाने आईच्या दुधावरून दूर सारल्या गेलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय आहे. निरक्षर मातांनी शब्दातच निदान करून ठेवले होते, असे म्हणावे लागते. याच विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथे रोटरी क्लबसमोर, गोड आटीव दुधाचा बाळांच्या अन्नासाठी होणारा प्रचार आणि बालमृत्यू यांचा संबंध मांडला. भाषणाचे शीर्षक होते ‘मिल्क अँड मर्डर’.

पुढे शीर्षक हाच वादविषय ठरला. १९७४ मध्ये लंडनच्या ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने माइक मुलर यांची ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. बर्नमधील एका स्विस गटाने तिचे जर्मन भाषांतर केले आणि नाव दिले ‘नेस्ले टोएटेट बेबीस’, म्हणजे ‘नेस्ले बाळांना मारते’. इंग्रजी शीर्षकात मारणारा अनामिक होता. तो बाटली असेल, भुकटी असेल वा दूषित पाणी. जर्मनमध्ये कर्ता, कर्म आणि क्रियापद असलेले संपूर्ण विधान तयार झाले. कंपनीने खटला भरला. चारपैकी तीन आरोप तिने पुढे मागे घेतले आणि उरला तो केवळ या शीर्षकाचा. १९७६ मध्ये न्यायालयाने अब्रुनुकसानी मान्य करून गटातील तेरा जणांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड केला. त्याच वेळी कंपनीने आपल्या जाहिरात-पद्धतीचा मुळातून फेरविचार करावा, असेही न्यायाधीशांनी सुनावले. शब्दशः पाहता निकाल रास्त होता. परंतु भाषांतरकारांनी व्याकरणात केलेला बदल न्यायालयाने तपासला आणि त्या निमित्ताने मूळ पुस्तिकेतील मजकूर जगभर वाचला गेला, हे भाषांतराच्या अभ्यासकांनी अधिक लक्षात घ्यावे असे उदाहरण आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी स्वीकारली. विरोधी मत अमेरिकेचे होते.

भारतात ही संहिता कायद्याच्या भाषेत उतरण्यास १९९२ उजाडले. त्याआधी मुंबईत ‘अकाश’ ही ग्राहकसंस्था कंपन्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवून होती, आणि डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्तन्यपानाच्या प्रचारासाठी ‘बीपीएनआय’ हे देशव्यापी जाळे स्थापन झाले. १९९२ च्या कायद्याने डब्यावरील बाळाचे वा बाईचे चित्र हटविले आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना छापणे सक्तीचे केले. जी उतरंड ‘वरचे’ या शब्दात होती, ती आता वेष्टनावर लिहून द्यावी लागली. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाने केंद्र सरकारने प्राधिकृत केलेल्या स्वयंसेवी संस्थांना न्यायालयात तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला. बर्नमध्ये असा गट आरोपीच्या जागी बसला होता. येथे तो फिर्यादीच्या जागी बसू शकतो.