शपथ आणि बैठक

इगतपुरीजवळच्या घोटीच्या आसपास एखाद्याची दारू सुटली की ते आधी गळ्यात दिसतं. 'त्यानं माळ घातली' एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. तुळशीची माळ म्हणजे दारू बंद, मटण बंद, एकादशी धरायची आणि वर्षातून एकदा तरी पंढरी गाठायची. या यशाचं श्रेय लोक शपथेला देतात. मला ते पटत नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ काही कमी कळकळीची नसते, देवाची आण तर गावोगाव घातली जाते, आणि पगाराच्या संध्याकाळी दोन्ही मोडतात. माळ टिकते, कारण तिच्यामागे वेळापत्रक असतं: पंधरवड्याची एकादशी, रात्रीचं भजन, गावचा हरिनाम सप्ताह, वारी. पिण्याच्या वेळेला माणसाला जायला दुसरी जागा मिळते, आणि त्या जागी तो दिसला नाही तर चौकशी होते. शपथ एकट्याची असते. माळकऱ्याच्या मागे दिंडी असते. आज ज्याला व्यसनमुक्तीचा स्वमदत गट म्हणतात, त्याचं मर्म हेच आहे.

आपल्याकडच्या दारूविरोधाचा लिखित इतिहास मात्र बहुतेक बाटलीचा आहे, पिणाऱ्याचा नाही. १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या वाढत्या दारूदुकानांबद्दल नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या आदिवासी बायकांनी गुत्ते फोडले. २००८ च्या शासन आदेशानं गावातल्या बायकांना मतदानानं 'बाटली आडवी' करून दारूदुकान बंद करता येऊ लागलं. यातलं काहीच वाया गेलं नाही. दारात गुत्ता नसणं ही सुद्धा मदतच असते. पण दुकान बंद झालं त्या रात्री हात थरथरत बसलेल्या माणसाचं काय करायचं, याचं उत्तर यात कुठेच नाही. कायद्याला तो माणूस दिसतो तो परवानाधारक म्हणून. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. गटातली मंडळी मात्र आजन्माची भाषाच करत नाहीत. तिथे म्हणतात, फक्त आजचा दिवस.

ही भाषा आली ती अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातून. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्याचं काम फिसकटल्यावर तिथल्या हॉटेलात अडकला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. समोर हॉटेलचा बार होता आणि जवळच टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि पाद्र्यांना फोन लावत सुटला. त्याला उपदेशक नको होता, बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक भेटला. १० जून १९३५ हा त्याच्या शेवटच्या घोटाचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापनादिन. गुरू नाही, फी नाही, वर्गणी ऐच्छिक, आणि आत यायला दारू सोडायची इच्छा पुरे. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्याच जातीची ही बरोबरी. १९५७ मध्ये ही चळवळ भारतात आली. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या कानावर हा विषय ठळकपणे गेला तो १९८६ मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केल्यावर.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं ख्रिस्ती वळणाचं आहे. मुळात आहेच; पण या गटांच्या बारा पायऱ्यांमधला परमेश्वर 'ज्याला जसा समजला तसा' आहे, आणि विठ्ठलाला तेवढी जागा पुरते. नास्तिकाची अडचण याहून मोठी आहे, ती मी नाकारत नाही. दुसरा आक्षेप म्हणजे नुसत्या बोलण्यानं काय होतं? २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं तपासली गेली. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, माणसाला या गटांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. अर्थात रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर, मग गटाची बैठक.

खरा आक्षेप तिसरा, आणि तो घोटीचाच आहे. भाताच्या गिरण्या, बाजार आणि हायवे यांवर जगणाऱ्या गावात कोण कुठे गेला हे चहाच्या टपरीवर आधी कळतं. तिथे या गटांच्या नियमाप्रमाणे निनावी राहायचं कसं? माळेचा प्रश्न इथे उलटा आहे. माळ चारचौघांत दिसते हे तिचं बळ, पण ती उतरली की तेही चारचौघांतच दिसतं, आणि लाजेपोटी माणूस भजनालाही येईनासा होतो. गटात घसरलेला माणूस पुढच्या मीटिंगला येऊन तेच सांगतो. आणि निनावीपणाला गाव लपवायला लागत नाही, थोडं अंतर पुरतं. इगतपुरी आठ-दहा किलोमीटरवर, नाशिक चाळीसेक. पत्ता विचारायचा तो व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात. परगावच्या मीटिंगला निघालेला माणूस घरी बाजाराला जातो म्हणून सांगतो आणि येताना खरोखर भाजी घेऊन येतो. पिशवी रिकामी नाही आणि तोंडाला वास नाही, हे घरातल्या बाईच्या लक्षात आधी येतं. कुठे जातोस, हे ती बरेच दिवस विचारत नाही.