सुटी तोफ

अनपेक्षित वर्तनामुळे परक्यांपेक्षा स्वपक्षीयांनाच अधिक धोकादायक ठरणाऱ्या व्यक्तीस उद्देशून वापरला जाणारा, नौकायुद्धातील अनुभवावर आधारलेला वाक्प्रचार. ‘लूज कॅनन’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचा हा अनुवाद होय. मराठीत या अर्थाच्या जवळ जाणारे उच्छृंखल, निरंकुश, बेलगाम हे शब्द पूर्वापार रूढ आहेत. त्यांचे मूळ समुद्रात नसून साखळदंड, अंकुश व लगाम यांत आहे.

शिडांच्या युद्धनौकांवरील तोफा चार लहान चाकांच्या लाकडी गाड्यांवर बसविलेल्या असत. बार उडताच तोफ मागे सरके. जाड दोरखंड तिला ठराविक अंतरावर अडवी आणि ती पुन्हा ठासून झाल्यावर खलाशी दोर-कप्प्यांनी तिला पुढे ओढत. चाकांवाचून तोफेचे काम चालत नसे व दोरांवाचून ती आवरत नसे. १८०५ मधील ट्रफॅल्गरच्या लढाईत ‘व्हिक्टरी’ या नौकेवर १०४ तोफा होत्या. तिच्या खालच्या मजल्यावरील, ३२ पौंडी गोळे फेकणाऱ्या प्रत्येक तोफेचे वजन गाडा वगळता सुमारे पावणेतीन टन होते. वादळात अशा तोफेचे दोर तुटल्यास नौका ज्या बाजूस कले त्या बाजूस ती धावे आणि वाटेतील माणसे व नौकेच्या भिंती यांना धोका निर्माण होई.

या प्रसंगाला वाङ्‌मयीन रूप दिले ते फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो याने, फ्रेंच राज्यक्रांतीतील १७९३ या वर्षावरील आपल्या कादंबरीत (१८७४). तीत ‘क्लेमोर’ या नौकेवरील तोफ सुटते, खलाशांना चिरडते व नौका मोडकळीस आणते. ज्या गोलंदाजाच्या हयगयीमुळे ती सुटली, तोच जिवावर उदार होऊन तिला जेरबंद करतो. शौर्याबद्दल त्याला पदक मिळते आणि हयगयीबद्दल लगेच गोळी घातली जाते. व्यक्तींना उद्देशून या उपमेचा वापर पुढे विशेषतः अमेरिकन राजकारणात रुळला.

मराठीतील शब्दांपैकी उच्छृंखल म्हणजे शृंखला तोडलेला, निरंकुश म्हणजे अंकुश न मानणारा. बेलगाम हा फार्सी वळणाचा शब्द घोड्यावरून आला. समुद्रापासून दूर असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत यांपैकी हत्तीविषयक रूपकांचा अर्थ प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. कमलापूर (ता. अहेरी, जि. गडचिरोली) येथील वनविभागाच्या हत्ती कॅम्पमधील हत्ती पूर्वी जंगलातील लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी वापरले जात. नर हत्तीला माज येतो तेव्हा डोळा व कान यांमधील ग्रंथीतून मद स्रवतो. अशा काळात तो रोजच्या माहुतावरही उलटू शकतो. म्हणून पाळीव हत्तीला कामावरून काढून साखळदंडाने बांधण्याची रीत आहे. मदोन्मत्त हा शब्दही यावरूनच आला.

बांधलेली असताना उपयोगी आणि सुटल्यावर प्रथम आपल्याच माणसांवर उलटणारी शक्ती, ही कल्पना दोन्हीकडे समान आहे. तथापि तोफेला इच्छा नसते. तिची दिशा लाटा ठरवितात व तिच्या सुटण्याचा दोष दोर बांधणाऱ्याकडे जातो. हत्तीचा आवेग त्याचा स्वतःचा असतो. परंतु माज काही काळाने ओसरतो व हत्ती पुन्हा माहुताचे ऐकू लागतो. निरंकुश हा शब्द तर नेहमी निंदेचाही नाही. संस्कृत परंपरेत तो कवींच्या स्वातंत्र्याविषयी गौरवाने वापरला गेला आहे. त्यामुळे केवळ स्वतंत्र मत मांडणाऱ्यास सुटी तोफ म्हणणे मूळ रूपकाला धरून होत नाही.