कांद्याचा निर्यात व्यापार, मराठवाड्यातील

कांदा, कांद्याची पात, कोथिंबीर इ. ताज्या भाजीपाल्याचा परदेशांशी होणारा व्यापार. महाराष्ट्रात त्याचे मुख्य केंद्र नाशिक जिल्हा असून लासलगाव ही त्यातील प्रमुख बाजारपेठ होय. नांदेड व लातूर जिल्ह्यांत कांद्याचे पीक पूर्वापार घेतले जात असले, तरी निर्यात व्यापारात या भागाचा प्रवेश उशिरा व मर्यादित प्रमाणात झाला. त्याची कारणे जमिनीपेक्षा दळणवळण आणि शासकीय धोरण यांत अधिक आढळतात.

निजामी राजवटीत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानच्या सरहद्दीवर मालावर पाच टक्के जकात द्यावी लागे. गोदावरी खोऱ्यातून नांदेडमार्गे जाणारा मनमाड–हैदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. पण तो मीटरमापी असल्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मनमाड येथे उतरवून पुन्हा भरावा लागे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा लातूरला १९११ मध्ये पोहोचला. तेथील मालाचीही कुर्डूवाडीस अशीच चढउतार होई. कापूस व गळिताची धान्ये हा विलंब सोशीत; नाशवंत भाजीपाल्यास तो सोसत नसे. परिणामी भाजीपाला आठवडी बाजारापुरताच राहिला. नांदेड मार्गाचे रुंदीकरण १९९० नंतरच्या दशकात आणि लातूर मार्गाचे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात कांदा निर्यातीचे नियंत्रण केंद्र शासनाकडे राहिले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘नाफेड’ या राष्ट्रीय सहकारी पणन महासंघाकडे १९७४ पासून ही निर्यात सोपविण्यात आली. आखाती देश, श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर व पुढे बांगला देश ही भारतीय कांद्याची प्रमुख गिऱ्हाइके होत. भावाच्या प्रश्नावर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली चाकण व नाशिक भागांत आंदोलन झाले. कांद्याचा भाव हा उत्पादक व ग्राहक यांच्यातील राजकीय प्रश्न बनल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

पुढील इतिहास बव्हंशी निर्बंधांचा आहे. सप्टेंबर २०१९ व सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी लादण्यात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले व ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, तरी प्रतिटन ५५० डॉलर हे किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क कायम होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढून टाकण्यात आले.

या निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. उन्हाळी कांदा चाळीत चार ते सहा महिने टिकतो. त्यामुळे चाळ असलेला शेतकरी भावाची वाट पाहू शकतो. खरीप कांद्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो काढताच विकावा लागतो. बंदीचे हुकूम बहुधा खरिपाच्या आगेमागेच निघाले. म्हणून पावसावर विसंबून खरीप कांदा घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास त्यांची झळ अधिक बसते. लातूर भागातील कांदा प्रायः सोलापूरच्या बाजारात जातो. नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळचे आहे. निर्यातदार व उत्पादक यांच्यात अडत्यांची साखळी असल्याने परदेशातील भाववाढ शेतापर्यंत पूर्णांशाने पोहोचत नाही. भावाची घसरण मात्र तत्काळ पोहोचते.

पात व कोथिंबीर यांची स्थिती आणखी नाजूक आहे. पातीत सुमारे नऊ दशांश पाणी असते आणि काढणीनंतर ती त्वरित थंड न केल्यास पिवळी पडते. त्यामुळे तिची निर्यात बव्हंशी विमानाने व मुंबईसारख्या बंदराच्या शहरांतून होते. लातूर जिल्ह्यातील कास्ती कोथिंबिरीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने मालाची ओळख सिद्ध होते. परंतु पूर्वशीतकरण, शीतवाहने व प्रतवारीगृहे यांची जोड नसेल, तर ती ओळख परदेशी बाजारात उपयोगी पडत नाही. लोहमार्गाच्या मापातील फरकाने एके काळी जी अडचण निर्माण केली, तीच आज शीतसाखळीच्या अभावाने व धोरणाच्या अस्थैर्याने कायम ठेवली आहे.