घरच्या शाळेचा पहिला दिवस

जूनच्या मध्यावर शाळांची घंटा वाजते, मुलांनी भरलेल्या रिक्षा निघतात आणि एखादे मूल गॅलरीतून त्या पाहत उभे असते. त्याचे शिक्षण यंदापासून घरीच व्हायचे असते. होमस्कूलिंगचा निर्णय बहुधा पालकांचा असतो. पहिला दिवस मात्र मुलाचा असतो. म्हणूनच त्याची तयारी वह्या-पुस्तकांच्या खरेदीने नव्हे, तर मुलाशी बोलून सुरू व्हायला हवी.

आधी संवाद

शाळा सुटली म्हणजे आपलेच काहीतरी चुकले, असा समज मूल सहज करून घेते. त्यामुळे निर्णयामागचे कारण त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे आणि त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे. मित्र दुरावण्याची भीती सर्वांत मोठी असते. संध्याकाळचे मैदान, पोहण्याचा किंवा तबल्याचा वर्ग आधीच ठरवून ठेवावा. 'कोणत्या शाळेत जातोस?' हा प्रश्न जिन्यात हमखास विचारला जातो. त्याचे साधे, खरे उत्तर मुलाजवळ तयार असावे. घरातील आजी-आजोबांनाही विश्वासात घ्यावे.

कागदपत्रे जपा

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे, हे त्याच्या दहाव्या कलमानुसार पालकांचे कर्तव्य आहे. या कायद्यात घरशिक्षणाला स्पष्ट मान्यता नाही. तसेच पालकांना शिक्षेची तरतूदही नाही. त्यामुळे पुढील परीक्षेचा मार्ग आधीच ठरवणे श्रेयस्कर. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत (एनआयओएस) तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष परीक्षा देता येतात. तेथे दहावीसाठी किमान वय १४ आहे. राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी १७ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला व प्रगतिपुस्तके एकाच फाइलमध्ये ठेवावीत.

पहिल्या दिवशी

शाळेची नक्कल टाळावी. तासिका, घंटा आणि सहा तासांची बैठक घरात आणली, तर आईची बाई होते आणि मूल आईला मुकते. लहान मुलासाठी सकाळचा तास-दीड तास पुरेसा आहे. एखादी गोष्ट वाचावी, थोडे गणित करावे. मग मंडईत वजन आणि सुटे पैसे यांचा हिशेब मुलाकडे सोपवावा. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पण पहिल्याच दिवशी सगळी उघडण्याची घाई नको.

रात्री 'काय शिकलास?' असे विचारण्याऐवजी 'उद्या काय करायचे?' असे विचारावे. शाळेतून आलेले मूल पहिले काही आठवडे कंटाळते, रेंगाळते. तो आळस नसून नव्या दिनक्रमाशी जुळवून घेणे असते. आणि काही महिन्यांनी त्याला शाळाच हवीशी वाटली, तर ती वाट मोकळी ठेवणे हीदेखील पालकांचीच तयारी आहे.