किमान भाषा-आवृत्ती

किमान भाषा-आवृत्ती म्हणजे एखादे सॉफ्टवेअर चालण्यासाठी, ते ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले आहे त्या भाषेची आवश्यक असलेली सर्वांत जुनी आवृत्ती होय. त्याहून जुन्या आवृत्तीवर सॉफ्टवेअर चालेल, याची हमी दिली जात नाही. मुक्त स्रोत प्रकल्पाचा वापर कोण व कोणत्या संगणकावर करतो हे निर्मात्यांना बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे ही मर्यादा विचारपूर्वक ठरवणे व स्पष्टपणे जाहीर करणे महत्त्वाचे ठरते.

निवडीचे निकष

मर्यादा जुनी ठेवल्यास जुनी प्रणाली वापरणारे वापरकर्ते टिकून राहतात; मात्र भाषेतील नव्या सोयी वापरता येत नाहीत आणि अधिक आवृत्त्यांवर चाचण्या घ्याव्या लागतात. उदा., पायथॉनमधील 'मॅच' विधान ३.१० या आवृत्तीत (२०२१) आले. किमान आवृत्ती ३.९ असलेल्या प्रकल्पाला ते वापरता येत नाही. निर्णय घेताना सामान्यतः पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

• समर्थनाचा कालावधी : पायथॉनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते व तिला सुमारे ५ वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.
• लिनक्स वितरणे : उबुंटू २२.०४ सोबत पायथॉन ३.१०, तर २४.०४ सोबत ३.१२ येते.
• इतर लायब्ररी : प्रकल्प ज्या लायब्ररींवर अवलंबून आहे, त्यांनी जुनी आवृत्ती सोडली की प्रकल्पालाही ती फार काळ सांभाळता येत नाही.

उदाहरण : कॅलिबर

मुंबईचे कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले कॅलिबर हे ई-पुस्तकांचे व्यवस्थापन करणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मुख्यतः पायथॉनमध्ये लिहिलेले आहे. पायथॉन ३ ही आवृत्ती २००८ मध्ये आली, तरी कॅलिबर दीर्घकाळ पायथॉन २ वरच राहिले. संपूर्ण आज्ञावली बदलण्यापेक्षा पायथॉन २ स्वतः सांभाळणे कमी कष्टाचे आहे, अशी भूमिका गोयल यांनी २०१७ मध्ये मांडली होती. पायथॉन २ चे अधिकृत समर्थन १ जानेवारी २०२० रोजी संपले. इतर स्वयंसेवकांच्या साहाय्याने रूपांतर पूर्ण होऊन सप्टेंबर २०२० मधील कॅलिबर ५.० पायथॉन ३ वर आले.

कॅलिबरच्या अधिकृत संचात पायथॉन अंतर्भूत असल्याने सामान्य वापरकर्त्यांना वेगळे काही करावे लागले नाही. मात्र त्रयस्थांनी लिहिलेली जी प्लगइन पायथॉन ३ साठी बदलली गेली नव्हती, ती बंद पडली. किमान आवृत्ती वाढवण्याचा भार प्रकल्पाच्या निर्मात्यांपुरता मर्यादित राहत नाही, हे यावरून दिसते.

मर्यादा जाहीर करणे

पायथॉनच्या पॅकेजमध्ये किमान आवृत्तीची नोंद करता येते. 'पिप' हे स्थापना-साधन ती नोंद तपासते व जुन्या पायथॉनवर नवे पॅकेज चालत नसल्यास त्याची शेवटची सुसंगत आवृत्ती निवडते. ही नोंद नसल्यास पॅकेज स्थापित होऊनही चालताना त्रुटी येऊ शकते.