मॉस्कोतील एक जामीन

इ. स. 1934 मध्ये केंब्रिजहून मायदेशी आलेल्या प्योत्र कापित्सा यांना सोव्हिएत सरकारने परतीची परवानगी नाकारली आणि त्यांच्यासाठी मॉस्कोत जी भौतिकी संस्था उभारली, तिच्या दप्तरातच पदार्थविज्ञानातील एका विलक्षण कल्पनेचा इतिहास गुंतलेला आहे. सुमारे 2.2 केल्विनखाली द्रव हेलियम घर्षणावाचून वाहतो, हे कापित्सांनी 1938 च्या आरंभी प्रसिद्ध केले. परंतु या चमत्काराची उपपत्ती ज्यांनी द्यावयाची, ते संस्थेतील तरुण सिद्धान्ती लेव्ह लँडाउ त्याच वर्षीच्या एप्रिलात सरकारविरोधी कारवायांच्या आरोपावरून कैदेत पडले. कापित्सांनी वरिष्ठांकडे अर्जविनंत्या केल्या, अखेर स्वतः लेखी जामीन राहिले, तेव्हा कोठे वर्षभराने लँडाउंची सुटका झाली.

1941 मध्ये लँडाउंनी प्रतिपादिले की, अगणित अणूंचा स्वतंत्र हिशेब मांडण्याऐवजी त्या समुदायातील क्षोभांनाच कण, म्हणजे क्वासिपार्टिकल, मानावे: ध्वनिलहरींचे फोनॉन आणि अधिक ऊर्जेचे रोटॉन. 1956 मध्ये हीच दृष्टी त्यांनी फर्मिऑनांच्या, म्हणजे एका क्वांटम अवस्थेत एकाहून अधिक न मावणाऱ्या कणांच्या, द्रवाला लावली. तेथे प्रत्येक कण, जत्रेतील माणसाप्रमाणे, भोवतालच्या गर्दीचा भार वागवीत जणू नवाच, जड कण होऊन वावरतो. अल्प दाबाखालील हेलियम-3 या अशाच द्रवामध्ये हे प्रभावी वस्तुमान मूळच्या सुमारे तिप्पट भरते. लँडाउंना 1962 चे नोबेल पारितोषिक लाभले. आणि 2015 मध्ये टँटलम आर्सेनाइडच्या स्फटिकात जे वस्तुमानरहित वाइल फर्मिऑन आढळले, तेही मुक्त कण नसून याच कुळातील क्वासिपार्टिकल होत.